गेम जॅमचे नियम: टॉसच्या आधी ठरवायच्या गोष्टी

प्रश्न थोडक्यात असा. मुंबईतल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजच्या फेस्टमध्ये ऑनलाइन गेम जॅम आहे, म्हणजे दिलेल्या थीमवर ठरावीक वेळात नवा गेम बनवायचा. ४८ तास, साधारण ६० टीम, प्रवेश फी २०० रुपये, पहिलं बक्षीस १५ हजार. गेल्या वर्षी निकालानंतर मोठं भांडण झालं. एक टीम बाद केली गेली, दुसरीवर मित्रांकडून मतं गोळा केल्याचा आरोप झाला आणि व्हॉट्सअॅप ग्रुप तीन दिवस पेटला होता. यंदाच्या कमिटीला वारसाहक्काने नियमांचं एक पान मिळालंय. त्यात शेवटची ओळ, 'आयोजकांचा निर्णय अंतिम राहील'. आणि मला विचारलंय, "दादा, यात नेमकं काय बदलू?"

शेवटची ओळ राहू दे. कुणाचा तरी निर्णय अंतिम असावाच लागतो. भांडणं त्या ओळीमुळे होत नाहीत, तिच्या वरचं पान रिकामं असतं म्हणून होतात. एकांकिका स्पर्धेचं माहितीपत्रक काढून बघा. नेपथ्य लावायला किती मिनिटं, प्रयोग किती मिनिटांचा, वेळ ओलांडली तर काय, हे सगळं छापलेलं असतं. गल्ली क्रिकेटमध्येसुद्धा पहिल्या मजल्याच्या गॅलरीत बॉल गेला तर आउट की नाही, हे टॉसच्या आधी ठरतं. बॉल गॅलरीत गेल्यावर ठरवायला बसलात तर ज्याची बॅट त्याचा निर्णय होतो.

हे मी हात पोळून सांगतोय. काही वर्षांपूर्वी आम्ही चार जणांनी मिळून एक ऑनलाइन जॅम घेतला. नियम क्रमांक २ होता, 'गेम पूर्णपणे ४८ तासांत बनवलेला असावा.' वाचायला झकास. बदलापूरचा एक मुलगा एकटाच उतरला होता. कटलेला पतंग पकडायला एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर उड्या मारायच्या, असा त्याचा गेम. परीक्षणाच्या रात्री कुणीतरी तक्रार केली. आम्ही त्याचा कोड उघडला, तर उडीची फाइल तीन आठवडे जुनी. पावणेबाराला आम्ही त्याची एंट्री काढून टाकली आणि मेसेज पाठवला, 'नियम क्र. २ नुसार बाद.' एवढाच.

त्याचं उत्तर आलं नाही. सकाळी तो ग्रुपमधून बाहेर पडलेला होता. आठवड्याभराने मी कशासाठी तरी विजेत्या टीमचा प्रोजेक्ट उघडला. पात्राची हालचाल, कॅमेरा, उडी, सगळं इंजिनाबरोबर, म्हणजे गेम बनवायच्या सॉफ्टवेअरबरोबर, मिळणाऱ्या तयार टेम्प्लेटमधलं. फाइलींची नावंसुद्धा बदललेली नव्हती. म्हणजे ज्याने उडीचा कोड स्वतः बसून लिहिला तो बाद, आणि ज्यांनी तो एका क्लिकवर घेतला ते पहिले. नियमाच्या अक्षराप्रमाणे दोघंही बाद व्हायला हवे होते, नाहीतर दोघंही पात्र. आम्ही त्याला माफीचा मेल लिहिला. 'ठीक आहे सर' असं उत्तर आलं. आमच्या कुठल्याच जॅमला तो पुन्हा आला नाही.

तेव्हा पहिलं काम म्हणजे 'आधी तयार केलेलं' याचा अर्थ लिहून काढा. 'सगळं ४८ तासांत' हे तसंही कुणालाच शक्य नसतं. इंजिन दुसऱ्याचं, फॉन्ट दुसऱ्याचा, दरवाजा उघडल्याचा आवाज तिसऱ्याचा. रेघ कुठेतरी मारावीच लागते, ती कुठे मारली ते सांगा. लुडम डेअर हा ऑनलाइन जॅम २००२ पासून चालू आहे आणि त्यांनी दोन वेगळ्या वाटा केल्या. एक 'काँपो': ४८ तास, एकट्याने, कोड, चित्रं आणि आवाज सगळं त्याच वेळात स्वतः केलेलं, सोर्स कोड देणं सक्तीचं. दुसरी 'जॅम': ७२ तास, टीम चालते, दुसऱ्यांची चित्रं आणि आवाजही चालतात. कडक नियम ज्याला झेपतो तो तिकडे जातो. आणि जॅममध्ये ज्याने चित्रं स्वतः काढलेली नाहीत त्याने चित्रांसाठीच्या गुणांतून स्वतःहून बाहेर राहायचं, म्हणजे स्वतः काढणाऱ्यावर अन्याय होत नाही. हे मला फार आवडतं, कारण त्यात कुणाला हाकलावं लागत नाही.

दुसरं टोक म्हणजे २०१२ साली सुरू झालेली जेएस१३के, जावास्क्रिप्टमधल्या गेमची ऑनलाइन स्पर्धा. १३ ऑगस्ट ते १३ सप्टेंबर, आणि पूर्ण गेमची झिप १३ किलोबाइटच्या आत, म्हणजे १३,३१२ बाइट. १३,३१३ झाले की बाहेर. हा नियम तपासायला परीक्षक लागत नाही, फाइलवर राइट क्लिक पुरतं. तुमच्या पानावरचा प्रत्येक नियम वाचताना विचारा, हा तपासणार कोण आणि कसा? उत्तर 'बघून कळेल' असं आलं, तर तो नियम पुन्हा लिहा.

तुमच्या ६० विद्यार्थी टीमसाठी मी असं लिहीन: 'कोणतंही इंजिन, त्याचे टेम्प्लेट, स्वतःचा किंवा दुसऱ्याचा आधी लिहिलेला सर्वसाधारण कोड चालेल. या गेमची पात्रं, लेव्हल आणि कथा थीम जाहीर झाल्यानंतरच बनवलेली असावीत. बाहेरून घेतलेल्या प्रत्येक गोष्टीचं नाव, लिंक आणि परवाना सबमिशनच्या फॉर्ममध्ये लिहावा.' परवान्यांत मुलं नेहमी गोंधळतात, म्हणून फॉर्मखाली उदाहरणं द्या. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, आपलं काम इतरांना वापरू देणारे तयार परवाने. सीसी-झीरो म्हणजे श्रेयसुद्धा द्यावं लागत नाही. सीसी-बाय म्हणजे श्रेय हवंच. 'एनसी' लिहिलं असेल तर व्यावसायिक वापर नाही, म्हणजे पुढे गेम विकायचा असेल तर ते संगीत बदलावं लागेल. गूगलवर सापडलेलं चित्र फुकट नसतं, हे एक वाक्य ठळक अक्षरात टाका.

एआयबद्दल नुसतं 'चालेल' किंवा 'चालणार नाही' लिहून भागत नाही. कोडमधली मदत, चित्रं, संगीत आणि आवाज यांचा निर्णय वेगवेगळा करा. जो काही कराल तो करा, माझा आग्रह फक्त जाहीर करण्याचा आहे. वापरलं असेल तर फॉर्ममध्ये सांगावं. लपवलं आणि सापडलं तर कारवाई लपवण्याबद्दल. एआय ओळखून देणाऱ्या वेबसाइटच्या टक्क्यांवर विसंबून कुणालाही बाद करू नका. शंका आली तर चित्राची लेयर असलेली मूळ फाइल मागा, किंवा दहा मिनिटांचा कॉल लावून 'हा भाग कसा केलास ते दाखव' म्हणा. ज्याने स्वतः केलंय तो मुलगा एरवी गप्प असला तरी या प्रश्नावर सुरू झाला की थांबत नाही.

आता मतदान. गेल्या वर्षीच्या भांडणाचं मूळ मला इथे दिसतं. तुमच्या पानावर 'जास्तीत जास्त लाइक मिळवणारा गेम लोकप्रिय पुरस्काराचा मानकरी' असं आहे. ही गेमची स्पर्धाच नाही, ही कुणाच्या आत्येभावाकडे किती मोठा ग्रुप आहे याची स्पर्धा आहे. आणि लिंक मामाला पाठवणाऱ्या मुलाने काही गैर केलेलं नसतं. तुम्हीच त्याला तसं करायला सांगितलंय.

त्यापेक्षा स्पर्धकांनीच एकमेकांचे गेम खेळून गुण द्यायचे, ही बहुतेक जॅमची पद्धत आहे. इच डॉट आयओ या गेमच्या वेबसाइटवर जॅम ठेवलात तर तिथली गुणांची पद्धत आयती मिळते. सरासरी गुण तसेच धरत नाहीत. सगळ्या एंट्रींना मिळालेल्या मतसंख्येचा मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा) काढतात आणि ज्याला त्याहून कमी मतं मिळालीत त्याचे गुण खाली आणतात. मिळालेली मतं भागिले मध्यक, त्याचं वर्गमूळ, आणि त्याने गुणायचं. उदाहरण करून बघू. मध्यक १६ मतांचा आहे. एका गेमला चारच मतं पडली, चारही पाचपैकी पाच. ४ भागिले १६ म्हणजे पाव, पावाचं वर्गमूळ अर्धं, म्हणजे पाचाचे झाले अडीच. शेजारच्या गेमला १६ मतांतून ३.६ सरासरी आली, तर ती ३.६च राहते. चार जिवलग मित्रांनी दिलेले पाच-पाच गुण तिथेच विरले.

पण याची दुसरी बाजू आयोजकांनी लक्षात घ्यायला हवी. खरोखरच चांगला गेम, पण चौघांनीच उघडला, तर तोही अडीचवरच येतो. कारण त्याचं चित्र फिकट होतं, नाव विचित्र होतं, किंवा यादीत तो चौथ्या पानावर होता. म्हणून प्रत्येक गेम उघडला जाईल याची सोय तुम्ही करायची. ६० टीमना चिठ्ठ्या टाकून १ ते ६० क्रमांक द्या आणि त्यांना गोल बसवल्यासारखं धरा. १ क्रमांकाने २ ते ११ खेळायचे, २ क्रमांकाने ३ ते १२, असं करत ६० क्रमांकाने १ ते १०. प्रत्येकजण दहा गेम खेळतो आणि प्रत्येक गेमला बरोबर दहा मतं मिळतात. दोन टीमना एकमेकांचे गेम मिळतच नाहीत, त्यामुळे 'तू मला पाच दे, मी तुला देतो' हेही संपलं. ज्याने आपले दहा गेम खेळले नाहीत त्याचं काय, तेही आधी लिहा. आम्ही अशा टीमला बक्षिसासाठी धरत नाही.

इंटरॅक्टिव्ह फिक्शन कॉम्पिटिशन, म्हणजे शब्दांवर चालणाऱ्या गेमची स्पर्धा, १९९५ पासून ऑनलाइन होते. तिथे कुणीही परीक्षक होऊ शकतो, पण किमान पाच गेमना गुण द्यावे लागतात, गेम कितीही मोठा असला तरी गुण पहिल्या दोन तासांच्या खेळावरच द्यायचे, आणि लेखकांना मत नाही. प्रत्येकाला यादी आपापल्या वेगळ्या क्रमाने उलटसुलट करून मिळते, म्हणजे 'अ'पासून सुरू होणाऱ्या नावांचं फावत नाही. ज्या गेमवर मतं सर्वांत जास्त विखुरली, कुणी एक दिला तर कुणी दहा, त्याला 'गोल्डन बनाना ऑफ डिस्कॉर्ड' असा मानही आहे. फेस्टमध्ये एखादा असा पुरस्कार ठेवा. सगळ्यांना 'बरा' वाटलेल्या गेमपेक्षा भांडण लावणारा गेम पुष्कळदा पुढे जास्त काही करतो, असं माझं मत.

परीक्षकांचं वेगळं. एक परीक्षक हात आखडून देतो, ४ ते ६. दुसरा हात सोडून, ७ ते ९. दोघांना वेगवेगळे वीस गेम वाटलेत तर निकाल गेमवर ठरत नाही, कुठल्या परीक्षकाकडे गेलात त्यावर ठरतो. प्रत्येक गेम किमान तिघांनी बघावा. शिवाय सुरुवातीला सगळ्यांना तेच पाच गेम द्या, गुण ठेवायला सांगा आणि मग त्यावर अर्धा तास बोलू द्या. या अर्ध्या तासात 'नावीन्य' म्हणजे काय यावरून दोन शहाणी माणसं वाद घालतात आणि पुढचे पंचावन्न गेम सरळ होतात. ज्या सरांचे विद्यार्थी स्पर्धेत आहेत त्यांनी त्या गेमला गुण द्यायचे नाहीत. हे सरांना तोंडावर सांगणं अवघड जातं, म्हणून नियमातच असू द्या.

मराठी गेमबद्दल मुद्दाम लिहितोय. एका परीक्षणात माझ्यासमोर गडकिल्ल्यांवरचा गेम आला. पडद्यावर 'किल्ला' असं दिसायला हवं होतं, तिथे आधी क, मग त्याच्या पुढे सुटी वेलांटी, मग पाय मोडलेला ल. सहपरीक्षकाने 'शुद्धलेखन वाईट' म्हणून दोन गुण कापले. मुलांचं शुद्धलेखन ठीक होतं. युनिटी या इंजिनातलं अक्षरं दाखवणारं टेक्स्टमेशप्रो देवनागरीची जुळणी स्वतःहून करत नाही, इतकंच. गोदो ४ या दुसऱ्या इंजिनात ती नीट होते, आणि मुक्त परवान्याचा 'मुक्ता' हा फॉन्ट तर आपल्या मुंबईच्याच 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या मंडळींचा आहे. नियमपत्रात भाषा लिहा: मराठी, हिंदी, इंग्रजी चालेल, भाषेमुळे गुण कापले जाणार नाहीत. देवनागरीची ही अडचण सूचनांमध्ये आधीच टाका. आणि मराठी येणारा एक तरी परीक्षक ठेवा. मुंबईतल्या स्पर्धेत हे सांगावं लागतं याची मला गंमत वाटते.

वेळ. 'रविवारी रात्री १२ पर्यंत' असं कधीही लिहू नका. निम्मे लोक शनिवारची रात्र संपते ते १२ धरतात, निम्मे रविवारची. तारीख, वार, वेळ लिहा. मी तर रविवारी रात्री ८ ची वेळ ठेवतो. जॅम ऑनलाइन असला तरी मुलं कुणाच्या तरी घरी जमूनच काम करतात, आणि कसारा-कर्जतकडच्याला त्यानंतर गाडी पकडायची असते. सोमवारी लेक्चर असतंच.

डेडलाइनला अपलोड अडकतं, हे गृहीत धरा. लुडम डेअरमध्ये वेळ संपल्यावर फक्त सबमिट करण्यासाठी वेगळा एक तास असतो. गेमला तेव्हा हात लावायचा नाही, फक्त वर चढवायचा. तुम्हीही द्या. आणि नंतरच्या दुरुस्तीची सीमा ठरवा: गेम सुरूच होत नसेल तर दुरुस्ती चालेल, नवीन काही घालता येणार नाही. नेहमीचं उदाहरण सांगतो. मुलाच्या विंडोज लॅपटॉपवर चित्राची फाइल मोठ्या पी ने 'प्लेअर' आणि कोडमध्ये लहान पी ने. विंडोजला दोन्ही सारखेच, गेम चालतो. ब्राउझरसाठी सर्व्हरवर चढवला की तिथे लहान-मोठं अक्षर वेगळं, चित्र सापडत नाही, काळा पडदा. दोन दिवसांची मेहनत एका अक्षरासाठी शून्यावर काढायची का? आम्ही अशा वेळी टीमला फोन करतो आणि दुरुस्तीला दोन तास देतो. मात्र ही सवलत एकाला द्यायची तर सगळ्यांना, आणि तीही पानावर लिहून. परीक्षक कुठल्या मशीनवर खेळणार, रॅम किती, ब्राउझर कुठला, हेही जाहीर करा.

बाद करण्याची पद्धत. तक्रार आली की आधी एंट्री लपवा, काढू नका. टीमला लिहा: कुठला नियम, काय आढळलं, तुमचं म्हणणं काय, उत्तराला २४ तास. निर्णय तिघांनी घ्यायचा, तक्रार करणारा त्यात नको. निर्णय कारणासकट त्या टीमला पाठवायचा, ग्रुपवर नाही. आमच्या त्या पावणेबाराच्या मेसेजऐवजी 'ही फाइल जुनी दिसते, सांगशील का?' एवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं. डिस्कॉर्डवर, म्हणजे जॅमच्या गप्पा जिथे चालतात त्या अॅपवर, मुलींना रात्री-अपरात्री खाजगी मेसेज जातात, त्यासाठी एक ठरावीक व्यक्ती, शक्यतो कमिटीतली मुलगी, आणि तिच्याशी थेट संपर्काची सोय पहिल्या पानावर असावी. अशी तक्रार आली तर कारवाईसाठी स्पर्धा संपायची वाट बघायची नाही.

तुमच्या पानावर अजून एक ओळ आहे, 'सर्व गेमचे हक्क आयोजकांकडे राहतील.' खोडून टाका. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कोड हा साहित्यकृतीत मोडतो, कलम १७ प्रमाणे पहिला मालक कर्ता, आणि कलम १९ प्रमाणे हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि देणाऱ्याच्या सहीनिशी. तुम्हाला ते हक्क घेऊन करायचंय काय? फेस्टच्या पडद्यावर गेम दाखवण्याची आणि स्क्रीनशॉट, क्लिप वापरण्याची परवानगी हवी आहे, तेवढीच मागा. तसंच नोंदणीच्या फॉर्ममध्ये सगळ्यांकडून आधारचा फोटो मागितलाय, तोही काढा. बक्षीस द्यायची वेळ येईल तेव्हा विजेत्यांकडून बँकेचा तपशील आणि पॅन घ्या. अकरावी-बारावीची मुलं घेणार असाल तर २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा १८ वर्षांखालच्यांना बालक धरतो आणि पालकांची संमती मागतो, हे ध्यानात ठेवा.

पैशांचा हिशेब मी कागदावर मांडून बघितला. ६० गुणिले २०० म्हणजे १२ हजार. पहिलं बक्षीसच १५ हजार. बाकीचे प्रायोजक देणार असेल, आणि आयत्या वेळी त्याने हात वर केले तर? हातात असलेलीच रक्कम जाहीर करा, कधी मिळणार ती तारीख लिहा, करकपात होणार असेल तर तीही, कॉलेजच्या सीएला विचारून. खरं तर मी बक्षीस लहानच ठेवीन. ग्लोबल गेम जॅम २००९ पासून चालतो आणि तिथे मुळात स्पर्धाच नाही, विजेता काढत नाहीत, तरी लोक येतात. वाचलेल्या पैशांतून परीक्षकांना मानधन द्या, आणि त्या बदल्यात त्यांच्याकडून प्रत्येक गेमसाठी दोन-तीन ओळी लिहून घ्या. विजेत्यांचं कौतुक सगळेच करतात. चाळिसाव्या आलेल्या टीमनेही २०० रुपये भरलेत, तिला तिचे गुण आणि त्या ओळी मिळायला हव्यात.

पान तयार झालं की कमिटीत नसलेल्या एखाद्या चलाख फर्स्ट इयरच्या मुलाला द्या, वडापाव द्या, आणि सांगा, यात पकडला न जाता लबाडी करायच्या वाटा काढ. आमच्या मुलाने सात काढल्या होत्या. एक तर अशी की घड्याळ मागे करून फाइलींच्या तारखा बदलायच्या, ती आमच्या स्वप्नातही आली नव्हती. त्यानंतर ते पान मला पाठवा, वाचून देतो. फक्त नोंदणी उघडायच्या आधी पाठवा.